उतेकरांचा उलटा हात

पोलादपूर तालुक्यात भेटल्यावर नमस्कार न करणारा एकच माणूस माझ्या माहितीत होता. बाकी आमच्याकडे माणसं रामराम करतात, "कवा आलात मुंबयवरनं?" विचारतात, अगदीच काही सुचलं नाही तर पावसाला नावं ठेवतात. सखाराम उतेकर समोर येऊन उभे राहायचे, मान जराशी तिरकी करायचे आणि एकच शब्द बोलायचे.

"ताप?"

आपण "नाही" म्हटलं की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. मग नमस्कार, चहा, मुलाबाळांची चौकशी, सगळं रीतसर. बिरवाडीच्या एका लग्नात मी त्यांना आहेराच्या रांगेत पाहिलं होतं. पाकीट हातात, डोक्याला फेटा, आणि पहिला प्रश्न नवरदेवाला, "ताप?" नवरदेव दचकून म्हणाला, "नाय." मग नवरीला. ती बिचारी मुंडावळ्यांच्या आडून हळूच म्हणाली, "नाय." त्यावर उतेकर प्रसन्न होऊन म्हणाले, "मंग नांदा सुखानं!" तो आशीर्वाद त्यांनी तपासणी झाल्याशिवाय कधीच कुणाला दिला नाही.

उतेकर आरोग्यसेवक होते. घरोघर फिरायचं, तापाचा माणूस शोधायचा, त्याच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, ती काच तपासायला पाठवायची आणि निकाल येईपर्यंत त्या घरावर नजर ठेवायची, ही त्यांची नोकरी. पोलादपूरपासून आंबेनळी घाटाच्या अंगाला जेवढ्या वाड्या डोंगरावर चिकटल्या आहेत तेवढ्या त्यांच्याकडे. अंगानं काटकुळे, पायात टायरच्या चपला, खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत काचा, सुया, गोळ्या, एक साबणदाणी आणि पेन्सिल. साबण प्रत्येक घरी हात धुवायला आणि पेन्सिल भिंतीवर लिहायला. प्रत्येक घराच्या दाराशेजारी त्यांनी एक चौकोन आखलेला असायचा. त्यात आल्याची तारीख, तापाची माणसं किती ते, आणि सही.

माझ्या घराला नवा रंग दिला तेव्हा मी तो चौकोन पुसून टाकला होता. पुढल्याच फेरीला उतेकरांनी फूटपट्टी काढली आणि त्या मोतिया रंगावर पुन्हा चौकोन आखला. आमची ही आतून म्हणाली, "आखू देत. तुमच्या त्या पुस्तकांपेक्षा भिंतीवरचं निदान कुणी वाचतं तरी."

इथं माझी ओळख करून देणं भाग आहे, कारण पुढे जी शोभा होणार आहे ती माझीच आहे. मी महाडच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवायचो आणि निवृत्तीनंतर पोलादपूरजवळच्या आमच्या गावी येऊन राहिलो. माझा विषय महामारी. माणसाच्या इतिहासात कुठल्या रोगानं कुठलं साम्राज्य बुडवलं, कुठल्या बंदरात जहाजं चाळीस दिवस अडकवून ठेवली, आपल्याकडे गाठीच्या तापात, म्हणजे प्लेगात, गावंच्या गावं रानात झोपड्या घालून कशी राहिली, मानमोडीच्या, म्हणजे १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या, साथीत सरणाला लाकूड कसं पुरलं नाही, हे मला तोंडपाठ. 'महामारी आणि मानव: अथेन्स ते आपले अंगण' असं माझं एक व्याख्यान होतं. गणेशोत्सवात, वाचनालयात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, जिथं माईक मिळेल तिथं मी ते देत असे. आवाज माझा खणखणीत. पटकीचं वर्णन करताना पहिल्या रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावायच्या, त्याचं मला फार समाधान वाटायचं. एवढा रोगांचा जाणकार मी, पण इंजेक्शनची सुई पाहिली की मला घेरी येते. हे गुपित गावात फक्त दोघांना ठाऊक होतं, हिला आणि उतेकरांना.

उतेकर माझ्या व्याख्यानाला एकदा आले होते. शेवटच्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन, मान तिरकी करून ऐकत बसले. शेवटी मी मोठ्या मनानं म्हणालो, कुणाला काही शंका असेल तर विचारा. उतेकर उभे राहिले.

"सर, त्या अथेन्सात पयला ताप कुणाला आला?"

"म्हणजे?"

"म्हंजे नाव काय त्याचं? कंच्या आळीतला? घरात आनखी कोन होतं?"

मी म्हणालो, तशी नोंद नाही. इतिहासात अशा लहान माणसांची नावं राहत नाहीत.

"मंग तिथं कुनी फिरतच नव्हता घरोघर," उतेकर हळहळून म्हणाले आणि खाली बसले. टाळ्या मला पडल्या, पण घरी जाताना लोक त्यांच्याच प्रश्नावर बोलत होते. मला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

उतेकरांना मात्र नावं ठाऊक होती. त्यांच्या डोक्यात सगळा तालुका आजारांनुसार लावलेला होता. एसटीच्या थांब्यावर उभे असले की हळू आवाजात सांगायचे, "ती निळं लुगडं, ती टायफॉईड, पोरगी झाली त्या साली. तो छत्रीवाला, मलेरिया, दोनदा. त्याच्या बाजूचा कावीळ, पन दारू सोडली हां त्यानं." मी कोण, असं एकदा विचारलं. उतेकरांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुमी अजून कोरे हाव, सर."

आणि यंत्रांवर त्यांचा विश्वास नव्हता. थर्मामीटर लावायचे, कागदावर आकडा लिहायचे, पण निर्णय उलट्या हाताचा. डाव्या हाताची पाठ माणसाच्या मानेला, कानाच्या खाली टेकवायची, डोळे मिटायचे, आणि सांगायचं, "हाय," किंवा "नाय." तळहात काम करून निबर होतो, हाताची पाठ खरं बोलते, असं त्यांचं म्हणणं. आणखी एक म्हणणं असं, की रोगाला स्वतःचे पाय नसतात, तो आपलेच पाय वापरतो. "म्हनून सर, आपले पाय त्याच्या आधी पोचायला होवेत."

हे पाय कुठं कुठं पोचत त्याला धरबंध नव्हता. कशेडीला बोगदा झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. घाटात दरड आली आणि ट्रकांची रांग लागली. मीही एसटीत अडकलो होतो. लोक शिव्या देत होते, कुणी वडे विकून हात मारून घेत होता, आणि त्या चिखलातून उतेकर ट्रकामागून ट्रक करत येताना दिसले. सुट्टीचा दिवस होता, हद्द त्यांची नव्हती, कुणी पाठवलंही नव्हतं.

"अहो उतेकर, इथं कुठं?"

"सर, देशभरचे डायवर एका जागी शांत बसलेत. असा योग पुन्ना कवा यायचा?"

ड्रायव्हर लोकांना वाटलं, दारू तपासायला साहेब आला. सुई बघताच एकानं केबिनचं दार आतून लावून घेतलं, दुसरा डोंगराच्या अंगाला पळाला. एक धिप्पाड मिशाळ गडी हात जोडून म्हणत होता, "साब, कल से नहीं पिया, माँ कसम." उतेकर त्याला मोडक्या हिंदीत समजावत होते, "पिया तो पिया, मेरेको क्या! बुखार आया क्या, वो बोलो." त्या गड्याला खरंच तीन दिवस ताप होता. उतेकरांनी मानेला हात लावला, काच घेतली, त्याच्या ट्रकाचा नंबर लिहून घेतला आणि दरड निघाल्यावर त्याला ट्रकासकट पोलादपूरच्या दवाखान्यात नेऊन पोचवलं. मलेरिया निघाला. पुढे कितीतरी वर्षं तो गडी या रस्त्यानं जाताना आरोग्य केंद्रासमोर हॉर्न वाजवायचा. मीही त्या दिवशी एसटीत बसून एक महत्त्वाचं काम केलं. ट्रकांमधून प्लेग कसा पसरू शकला असता, यावर शेजारच्या प्रवाशाला तासभर माहिती दिली. तो पुढच्या थांब्यावर उतरला, त्याचं तिकीट चिपळूणचं होतं.

माझ्यावर मात्र उतेकरांचा विश्वास पूर्ण नव्हता, आणि त्याला कारण होतं. निवृत्तीनंतर मला शेतीची हौस आली. लावणीच्या दिवसांत मी अनवाणी चिखलात उतरलो, रोपांची मूठ हातात धरून फोटो काढले आणि ते व्हॉट्सअॅपच्या सगळ्या गटांवर पाठवले. खाली ओळ टाकली, 'मातीशी नातं'. दुसऱ्या दिवशी उतेकर दारात. ताप विचारून झाला, मग म्हणाले, "सर, फोटूत टाचांना भेगा दिसतात तुमच्या. त्या चिखलात उंदीर मुततात. लेप्टो म्हंतात त्याला, मानूस चार दिवसांत पिवळा होऊन जातो. ह्या गोळ्या घ्या, आठवड्याला एकदा, जेवून."

मी त्यांना लेप्टोचा इतिहास सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकला. पुढच्या आठवड्यात येऊन विचारलं, "गोळी घेतली?"

"घेतली."

उतेकरांनी माझ्या टेबलाकडे पाहिलं. गोळ्यांची अख्खी पट्टी पेनांच्या पेल्यात उभी होती. त्यांनी आत हिच्याकडून पाण्याचा तांब्या मागून आणला, गोळी माझ्या हातावर ठेवली, आणि मी ती गिळून तोंड उघडून दाखवेपर्यंत समोर उभे राहिले. साठी उलटलेला, दोन पुस्तकांचा लेखक, जीभ वर करून दाखवतो आहे आणि बायको दारातून हसते आहे, असा तो देखावा होता.

हे माझं लहान खोटं. आता मोठं सांगतो.

आंबेनळीच्या रस्त्यावरून दरीपलीकडे पाहिलं की डोंगराच्या खांद्यावर अकरा घरं दिसतात. ती रानमाची, धनगरांची वाडी. रस्त्याच्या वळणावरून हाक मारली तर पलीकडे ऐकू जाते, पण चालत जायचं तर दरी उतरून चढून दीड तास. माणसं म्हशी राखतात, नाचणी-वरी पिकवतात, दूध खाली आणून घालतात. उतेकर दर गुरुवारी तिथं जात. पाऊस असो, धुकं असो, गुरुवारी उतेकर माचीवर. त्या वाडीत म्हातारी माणसं जास्त, कारण तरणी सगळी मुंबईला. त्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बायजाबाई ढेबे. त्यांना दम्याचा जुना विकार होता, आणि उतेकर त्यांना आई म्हणत.

करोना आला तेव्हा उतेकरांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं. मुंबईहून माणसं चालत, टेम्पोतून, मिळेल तशी गावाकडे येत होती आणि उतेकर दिवसाला शंभर शंभर घरं करत होते. तेव्हा त्यांच्या मनानं एकच गोष्ट घेतली होती. रानमाचीवर हा आजार जाऊ द्यायचा नाही. "खाली दवाखाना हाय, गाडी हाय. वरती एकाला जरी झाला ना सर, तरी खाली आणंस्तोवर संपला. माजी आई तर पयली जाईल." लस यायची होती. औषध कुणाकडे नव्हतं. होती ती एक फांदी.

फांदीचं असं, की माचीवर जायच्या पायवाटेवर, वाडीच्या जरा अलीकडे, एक जांभळीचं झाड आहे. साथीच्या दिवसांत धनगर तिथं करवंदीची काटेरी फांदी वाटेवर आडवी टाकतात. ती ओलांडून कुणी वर जायचं नाही, वरच्यानं खाली यायचं नाही. दूध फांदीपाशी ठेवायचं, मीठ-तेल फांदीपाशी घ्यायचं. बायजाबाईंच्या सासूनं मानमोडीच्या वेळी टाकली होती, तिच्या आधीच्यांनी पटकीच्या वेळी. लिहिलेलं कुठं नाही, पण वाडीत लहान पोरालाही माहीत.

हे ऐकून मी पाटावर बसल्यासारखा सरसावून बसलो. त्या दिवसांत माझं ते व्याख्यान संगणकावरून चालू झालं होतं आणि प्रेक्षक कधी नव्हे एवढे मिळत होते. जगभरची उदाहरणं झाली होती, आता अंगणातलं हवं होतं. आपल्या तालुक्यात, धनगरांच्या वाडीत, असा जिवंत पुरावा! मला त्या फांदीचा फोटो हवा होता. फांदीच्या पलीकडे बायजाबाई, अलीकडे मी.

उतेकरांनी दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा मात्र त्यांची अडचण झाली. त्यांचा कामातला जोडीदार आजारी पडून घरी अडकला होता आणि माचीवर तांदूळ, तेल नि म्हाताऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या पोचवायच्या होत्या. "फांदीपातूर चला," ते म्हणाले. "तांदूळ तुमी घ्या. पन फांदीच्या पुढं नाय."

आदल्या संध्याकाळी मला कणकण वाटली. अंग जरा मोडून आलं होतं. मी एक तापाची गोळी घेतली, हिला सांगितलं नाही, आणि झोपलो. सकाळी उतेकर दारात आले. मास्क, पिशवी, तिरकी मान.

"ताप?"

या प्रश्नाला मी वर्षानुवर्षं खरं उत्तर देत आलो होतो, कारण खरं उत्तर सोपं होतं. त्या सकाळी डोळ्यांपुढे फोटो होता, त्याखालची ओळसुद्धा जुळवून ठेवली होती. अथेन्समध्ये, व्हेनिसमध्ये, पुण्यात, जिथं जिथं म्हणून साथ पसरली तिथं तिथं कुणीतरी "मला काही झालेलं नाही" म्हणालेलं असतं, हे वाक्य माझ्या व्याख्यानात होतं. ते म्हणताना मी एक बोट वर करत असे.

"नाही," मी म्हणालो.

उतेकरांनी क्षणभर पाहिलं आणि चौकोनात शून्य लिहिलं.

वाटेत मी बोलत होतो. फांदी दिसल्यावर तर मला राहवेना. म्हटलं, बघा उतेकर, वाडीत आजार आहे म्हणून त्यांनी स्वतःला कसं बंद करून घेतलं आहे, केवढा हा समंजसपणा! उतेकर घाम पुसत म्हणाले, "तसं नाय, सर. फांदीचा बुंधा बघा. बुंधा खालच्या अंगाला असला की आजार वरती. बुंधा वरच्या अंगाला असला की आजार खालती."

बुंधा वरच्या अंगाला होता.

"म्हणजे?"

"म्हंजे आजार आपन."

हे मला इतकं आवडलं की मी ते वहीत लिहून घेतलं. पलीकडे वीसेक पावलांवर बायजाबाई येऊन बसल्या होत्या, हातात काठी, पदर नाकावर. मी मोबाईल काढला. एवढ्या लांबून चेहरा नीट येत नव्हता. दोनच पावलं पुढं गेलं तर काय बिघडतंय, असं म्हणत मी पाय उचलला.

"सर!"

तो आवाज उतेकरांचा आहे हे मला आधी कळलंच नाही. माझा एक पाय फांदीवर अधांतरी, माझ्या नव्या ट्रेकिंगच्या विजारीचा पायचा काट्यात अडकलेला, आणि उतेकरांच्या डाव्या हाताची पाठ माझ्या मानेला टेकलेली. त्यांनी डोळे मिटले. गोळीनं दबलेला ताप चढावर पुन्हा वर आला होता.

"हाय," ते म्हणाले.

मी काहीतरी पुटपुटलो, चढ होता, ऊन होतं.

"सर, सकाळी तुमाला नाय म्हणायला वेळ लागला. आख्ख्या चढाला मी तोच इचार करीत होतो." आवाजात राग नव्हता, त्यानं मला अधिकच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी माझा पाय हातानं धरून मागं घेतला, काटे सोडवले, मला वाटेच्या कडेला बसवलं.

वरून बायजाबाईंनी हाक दिली, "काय झाला रे सखाराम?"

"सरांना ताप हाय!" उतेकरांनी दोन्ही हात तोंडाशी धरून सांगितलं. "तांदळाची गोन हितंच ठेवतो, तीन दिवस ऊन खाऊं दे, हात नका लावू! आनि मी पुढल्या गुरुवारी येत नाय, मी सरांना शिवलोय!"

दरीनं ते वाक्य दोनदा परत म्हणून दाखवलं. माझं इतकं मोठ्या आवाजात इतकं खरं वर्णन त्याआधी कधी झालं नव्हतं. वरून म्हातारीचा आवाज आला, "बरा झाला सांगितलास! त्येंना काढा पाज गरम!"

घरी आल्यावर उतेकरांनी आधी साबणानं हात धुतले, मग पेन्सिल काढून चौकोनातलं सकाळचं शून्य खोडलं. त्या जागी १ लिहिला आणि सही केली. आळीतल्या सगळ्यांनी तो वाचला. मी आयुष्यभर इतिहास लिहिला, पण इतिहासाच्या अस्सल साधनात माझी नोंद एवढीच आहे.

मला चार दिवस ताप होता. चव गेली, आठवडाभरानं परत आली. हिलाही झाला, तोही सौम्य. ही नुसतं माझं ताट दाराबाहेर ठेवून दार जोरात लावायची. उतेकर आपल्या घरी ओसरीवर वेगळे बसून राहिले. पाचव्या दिवशी त्यांना ताप आला. नवव्या दिवशी श्वास लागला. महाडला नेलं, तिथून पुढं. तीन आठवडे ते प्राणवायूवर होते. मी खोलीत बसून रोज फोन करायचो आणि फोन ठेवून रडायचो. साथीच्या रोगांनी मेलेल्या कोट्यवधी माणसांबद्दल मी इतकी वर्षं बोललो, त्यातल्या एकाहीसाठी माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आता एका माणसासाठी देवापुढे बसत होतो, आणि देवाला काय सांगावं तेही सुचत नव्हतं.

उतेकर परत आले. अर्धे आले, असं म्हणायला हवं. बोलताना मध्येच थांबायचे, ओसरीच्या तीन पायऱ्या चढून खांबाला धरायचे. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. घरून तयार करून नेलेलं भाषण होतं, ते गेलं कुठल्या कुठं. म्हणालो, "उतेकरभाऊ, माझ्यामुळे झालं हे. मी खोटं बोललो."

"तुमच्याचमुळं कशावरनं?" ते म्हणाले, श्वास घेऊन. "दिवसाला चाळीस माना चाचपायचो मी. डाक्टर सांगत होते, हातमोजे घाल. हातमोज्यातनं ताप कळत नाय म्हनून मीच घातले नायत." पुन्हा थांबले. "पुरावा नाय, सर."

पुरावा नाही, हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडावर फेकलं होतं. त्या दिवशी ते मला भीक म्हणून मिळालं. पण पुरावा नसला तरी मला माहीत आहे, आणि मला वाटतं त्यांनाही माहीत होतं.

रानमाचीवर मात्र त्या वर्षी कुणीही दगावलं नाही. अकरा घरं, सगळी म्हातारी माणसं, बायजाबाईंसकट. लस आली तेव्हा नव्या आरोग्यसेविकेला फांदीपाशी थांबवून वाडीनं एकच विचारलं, "सखारामला ठावं हाय का?" उतेकरांनी वळणावरून हाक मारून होकार कळवला, मग फांदी बाजूला झाली. मी ते व्याख्यान बंद केलं. हिचं म्हणणं, गावाला लागलेली एक साथ तरी गेली.

उतेकर निवृत्त झाले. गेल्या शिमग्यानंतर ते वारले, फुप्फुसांनी पुन्हा उभारी धरलीच नाही. पण माझ्या मनात त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्याच्या आधीच्या माघातलं.

गुरुवार होता. निवृत्तीनंतरही त्यांचा गुरुवार सुटला नव्हता. चढता येत नव्हतं म्हणून ते आंबेनळीच्या त्या वळणावर जात आणि तिथून हाक मारत. मला आणि माझ्या गाडीला त्यांनी त्या कामाला जुंपलं होतं. फोन करा की, असं मी एकदा म्हटलं होतं. फोनवर नाय कळत, म्हणाले.

त्या दिवशी थंडी होती. पलीकडे माचीवर धूर दिसत होता, उन्हात म्हशी उभ्या होत्या. उतेकर कठड्याला धरून उभे राहिले, दोन्ही हात तोंडाशी नेले. आवाज निघाला तो जेमतेम माझ्यापर्यंत आला. पुन्हा एकदा प्रयत्न केला आणि खोकला लागला. खोकला थांबेपर्यंत मी पाठीवर हात ठेवून उभा होतो. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सर, तुमचा आवाज मोठा हाय."

मी कठड्यापाशी गेलो. शेकडो माणसांपुढे बोललेला मी, त्यांच्यासारखे दोन्ही हात तोंडाशी धरून उभा राहिलो. काय विचारायचं ते माहीत होतं, तरी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"ताऽऽप?"

दरीनं शब्द उचलला आणि पलीकडे नेला. आणि लगेच, दरीत माझा आवाज पुरता विरण्याच्या आत, बायजाबाईंची चिरकी हाक आली.

"नाऽऽय! सखाराम, तुज्या त्या सरांना सांग, कोन वरडतोय ता आमी वळखला!"

उतेकर हसले, मग कठड्यावर टेकून श्वास घेत बसले. "वेळ नाय लागला तिला," ते म्हणाले. "खरं हाय." पिशवीतून छोटी वही काढली, तारीख घातली, शून्य लिहिलं. वही परत ठेवताना त्यांची मान तिरकी झाली.

"आनि तुमाला, सर?"

"नाही," मी म्हणालो. त्याच क्षणी म्हणालो, एका श्वासात.

उतेकरांनी ते ऐकून घेतलं. मग डावा हात उचलून हाताची पाठ माझ्या मानेला टेकवली आणि डोळे मिटले. हात थंडगार होता. मी हललो नाही.